कोरडी मांडी

जमिलाबीच्या घरात काही गोष्टींवर वाद घालायची सोयच नव्हती, आणि नातीचे लंगोट हा त्यांतला सगळ्यात वरचा विषय. हर्सूलमधल्या त्यांच्या छोट्या घराच्या गच्चीवर रोज सकाळी लंगोटांची रांग लागायची. नवऱ्याच्या जुन्या लुंग्या, स्वतःच्या विटलेल्या ओढण्या, धुऊन धुऊन जे जे मऊ पडलं होतं ते सगळं फाडून, कडा दुमडून तिनं अदीबासाठी लंगोट शिवले होते. शेजारच्या सारजाबाई खालून ओरडायच्या, "आपा, दुकान टाकलंय का काय लंगोटाचं?" जमिलाबी वरूनच हसायची. टोमणा असला तरी तिला तो कौतुकासारखाच ऐकू यायचा.

बरं, ही हौस सोपी नव्हती. नळाला पाणी यायचं आठवड्यानं. ज्या घरात भाजी धुतलेलं पाणी कुंडीत जातं आणि कपडे धुतलेलं संडासात, त्या घरात लंगोट मात्र तीन पाण्यांतून निघाल्याशिवाय दोरीवर चढत नव्हता. त्याशिवाय तो पाक-साफ झाला असं जमिलाबी मानायचीच नाही. सून मुबश्शिरा शाळेत शिकवायची. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर जायला लागली तशी अदीबा दिवसभर दादीच्या ताब्यात आली, आणि दादीच्या राज्यात दादीचाच कायदा.

डायपरचं म्हणाल तर त्याचा निकाल लासूर स्टेशनच्या एका लग्नातच लागला होता. मुबश्शिरानं तिथं पोरीला सकाळी लावलेला डायपर संध्याकाळपर्यंत काढलाच नाही. लग्नघरात कुणाला कशाचं भान असतं? घरी येऊन काढला तर पोरीच्या मांड्या लालभडक. लेकरू रडून रडून बेजार झालं. जमिलाबीनं खोबरेल लावलं, फुंकर घातली, मांडीवर घेऊन येरझाऱ्या घातल्या, आणि मग सुनेला जे काही सुनावलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. त्या दिवसापासून डायपर हा शब्द त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे.

या सगळ्या लढाईत एका माणसाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. तो म्हणजे जमिलाबीचा नवरा, शफीभाई.

शफीभाईंनी सारी उमर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून काढली होती. संध्याकाळी घरी यायचे ते कोपरापर्यंत काळे होऊन. मुलगा अबुजर तान्हा होता तेव्हा ते दारातूनच हात पुढं करायचे आणि जमिलाबी कडाडायची, "आधी हात धुवा! लेकराला ग्रीस फासता का?" मग ते मोरीत उकिडवे बसून रॉकेल लावायचे, साबण लावायचे, नखं घासायचे, आणि तोवर पोरगा झोपून गेलेला असायचा. असं करता करता पोरगा मोठा झाला. शफीभाईंनी कधी तक्रार केली नाही, पण रिटायर झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर पांढरेशुभ्र कुर्ते-पायजमे शिवून घेतले. मशिदीत जाऊन पाची वक्तांची नमाज जमातीत, सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून पढायला लागले. अदीबा जन्मली तेव्हा दवाखान्यात दोन्ही हात उलटे-सुलटे करून बायकोला दाखवत म्हणाले होते, "बघ जमिला, एक डाग नाय. हिला आता मी घेणार."

घेतलीही. पण लंगोटातलं लेकरू ते. मांडीवर घ्यायचा अवकाश, खालून गरम पाट. आणि कपड्याला लघवी लागली की त्या कपड्यावर नमाज होत नाही. अंग धुवा, कपडे बदला, मग निघा. पोरीची वेळही अशी अचूक, की दुपार कलल्यावरची असरची अजान सुरू झाली रे झाली की इकडे हिचं सुरू. "बांग देणाऱ्याशी संगनमत हाय हिचं," शफीभाई हसून म्हणायचे. बदलून मशिदीत पोचेपर्यंत जमात उरकलेली असायची, मग ते कोपऱ्यात एकटेच नमाज पढून यायचे. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते जमिलाबीला.

एके दिवशी नळाची वेळ टळली होती. ड्रम तळाला गेलेला, बादलीत लंगोट भिजत पडलेले, आणि शफीभाई सकाळपासून दुसऱ्यांदा ओला कुर्ता हातात घेऊन मोरीच्या दारात उभे. जमिलाबीच्या डोक्यात सणक गेली.

"हिचे लंगोट धुवू का तुमचे कपडे धुवू? पाणी कुठाय घरात? कायकू सारखं सारखं घेतायत तिला? लांबूनच बघा जरा लेकराला!"

"बरं. लांबूनच बघतो," शफीभाई म्हणाले.

संसारात बाईच्या तोंडून असं रोज काहीबाही निघत असतं. कोण कुणाचं एवढं मनावर घेतं? पण शफीभाईंनी जन्मभर बायकोचं ऐकलं होतं, तसंच हेही ऐकलं. दाराजवळच्या खुर्चीत बसून ते नातीला खेळवायचे. किल्ल्यांचा जुडगा वाजवायचे, जिभेनं टकटक आवाज काढायचे. पोरगी रांगायला लागली तशी तडक त्यांच्याकडे जायची, पायजमा धरून उभी राहायला बघायची आणि दोन्ही हात वर करायची. शफीभाई खुर्ची मागं सरकवायचे. "नक्को बेटा, नमाजला जायचंय," म्हणायचे. म्हणताना त्यांचेही हात मांडीवरून उचलले जायचे आणि पुन्हा खाली यायचे. मग जमिलाबी येऊन पोरीला उचलून न्यायची.

हे मुबश्शिरानं पाहिलं. एका रविवारी ती डायपरचा पुडा घेऊन आली आणि ओट्याशी उभी राहून हळूच म्हणाली, "अम्मी, दिवसभर नाही म्हणत मी. असरच्या आधी फक्त तासभर लावू. अब्बांना मांडीवर घेता येईल तिला."

साधी गोष्ट होती. तासाभरात कुठल्या लेकराची कातडी सोलून निघत नाही, हे जमिलाबीला काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण लग्नातला विजय अजून ताजा होता, आणि सून मागच्या दारानं डायपर घरात घुसवतेय असं तिच्या मनानं घेतलं.

"अब्बाचं नाव पुढं करू नको," ती म्हणाली. "तुला धुवायचा कंटाळा आलाय तर तसं सांग."

वास्तविक लंगोट धुवायची ती स्वतः जमिलाबीच. मुबश्शिराचं तोंड एवढंसं झालं. पुडा माळ्यावर गेला.

संध्याकाळी शफीभाईंनी स्वतः विषय काढला. ज्या माणसानं उभ्या जन्मात स्वतःसाठी वाटीभर जास्तीची भाजी मागितली नव्हती, तो चपला घालता घालता, बायकोकडे न बघता म्हणाला, "सून म्हणती ते काय वाईट नाय. तासभरच तर. मला बी जरा..."

"तुम्हाला नातीपरीस कपडे प्यारे हायेत का?" जमिलाबी फटकन बोलून गेली. "लोकं लेकराचं मूत अंगावर घेऊन हसत्यात."

शफीभाईंनी चपलेत पाय सारला. टोपी सारखी केली आणि गेले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. ते भांडले असते, ताट सरकवून उठले असते, तर कदाचित जमिलाबीचं डोकं ठिकाणावर आलं असतं. पण भांडणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं, आणि हिला वाटलं आपलं म्हणणं त्यांना पटलं.

लेकरं हट्टी असतील, खुळी नसतात. जिथून रोज परत फिरावं लागतं तिथं ती किती दिवस जाणार? हळूहळू अदीबानं त्या खुर्चीकडे रांगणंच सोडलं. किल्ल्या वाजल्या की मान वळवून बघायची, आणि पुन्हा दादीच्या ओढणीचं टोक तोंडात. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आपा, तुमच्याबिगर कुणाकडंच जात नाय ओ ही!" की जमिलाबी फुलून यायची. नातीचं अंग लोण्यासारखं होतं, पोरगी दादीवाचून राहत नव्हती. म्हातारपणी माणसाला आणखी काय पाहिजे? त्यातलं अर्धं दुसऱ्याच्या वाटणीचं आहे, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही.

मग अबुजरची बदली झाली. तो वाळूजच्या कंपनीत होता, कंपनीनं त्याला चाकणच्या कारखान्यात पाठवायचं ठरवलं. तिकडे घर मिळालं, मुबश्शिराला शाळा मिळाली, आणि बघता बघता निघायचा दिवस उजाडला. जमिलाबीनं सगळे लंगोट घडी घालून गाठोड्यात बांधले. सुनेनं गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि "घरी हेच लावीन अम्मी," म्हणाली. चांगल्या घरची पोर होती, त्या वेळी तिनं मागचं काहीएक काढलं नाही.

गाडी दारात येऊन थांबल्यावर मात्र ती अडखळली. हातात डायपर होता. "अम्मी, एवढा लांबचा रस्ता आहे..."

"लाव की," जमिलाबी म्हणाली. "गाडीत कुठं बदलत बसणार हायेस?"

इतकं सहज तिच्या तोंडून निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं. एवढी सोपी होती ही गोष्ट? एवढ्यासाठी आपण घर डोक्यावर घेतलं होतं?

शफीभाई तेवढ्यात दुपारची नमाज पढून घरी आले. अंगात धुतलेला पांढरा कुर्ता होता. त्यांनी नातीकडे पाहिलं, तिला लावलेल्या डायपरकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जमिलाबीला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. बसले. मांडीवर कुर्ता नीट पसरला आणि वर थाप मारली.

"आण तिला इकडं. आता काय भीती नाय. गाडी निघंस्तोवर बसू दे दादाच्या मांडीवर."

जमिलाबीनं अदीबाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं एकदा त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघितलं, ओठ काढले, आणि असा टाहो फोडला की ड्रायव्हर दारात डोकावला. शफीभाईंनी जिभेनं टकटक केलं, गुडघा हलवला. "आगं दादा हाय मी, दादा..." ती पाठ ताठ करून, त्यांच्या छातीला पाय देऊन मागं रेलत होती. दोन्ही हात दादीकडे. रडता रडता तिला दम लागला, चेहरा लाल झाला.

"घे. घे तिला," शफीभाई घाईघाईनं म्हणाले. "लेकराचा श्वास कोंडतोय."

जमिलाबीनं घेतलं. खांद्यावर येताक्षणी पोरगी गप्प झाली, तिनं दादीच्या मानेत तोंड खुपसलं. आजवर असं झालं की जमिलाबीला आभाळ ठेंगणं व्हायचं. आज तिला त्याची लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी आजोबाला ओळखत नव्हती, आणि यात पोरीचा दोष नव्हता, आजोबाचा तर नव्हताच. हे सगळं तिनं आपल्या हातानं केलं होतं, तेही लेकराच्या भल्याच्या नावाखाली.

"नवा माणूस वाटलो आसंल तिला," शफीभाई हसून म्हणाले. अबुजर खाली बघत बुटाची नाडी बांधत राहिला, ती बांधलेलीच होती. मग शफीभाई उठले, बॅगा गाडीत ठेवायला गेले, आणि गाडी हलली तेव्हा काचेवर हात ठेवून चार पावलं तिच्याबरोबर चालले.

संध्याकाळी जमिलाबीनं चहा केला. नेहमी ती स्वयंपाकघरातच प्यायची, आज कप घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. कसं बोलावं तिला समजत नव्हतं. माफी मागायची तिला सवय नव्हती.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं?"

"तुम्ही मागितलं व्हतं. तासभर मागितलं व्हतं नुसतं. मी दिलं नाय."

शफीभाई थोडा वेळ चहावरची साय बाजूला करत बसले. "पण लेकराचं अंग किती साफ ठेवलंस तू," ते म्हणाले. "एक पुरळ नाय उठू दिला."

या माणसानं आज तरी आपल्याला चार शब्द ऐकवावेत, असं तिला फार फार वाटलं.

"ईदला येतील ते," ती घाईनं म्हणाली. "तवा रोज घ्या तिला. मी माझ्या हातानं डायपर लावते, दिवसभर लावते. मग तर झालं?"

शफीभाईंनी कप खाली ठेवला.

"ईदपतूर चालाय लागंल ती," ते म्हणाले. "चालणारं लेकरू कुणाच्या मांडीवर टिकतंय, जमिला?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरं तेच ते सांगत होते. जमिलाबीनं दोघांचे कप उचलून एकात एक घातले. मगरिबची अजान झाली. शफीभाई उठले, आणि कपडे न बदलता, वेळेवर नमाजला गेले.