दार उघडं ठेवून गाडी चालवणारा

"आप्पा, दार लावा. दार उघडं असलं की ती चालत नाय," शेजारी बसलेला मुलगा, नवीन, म्हणाला.

"ती चालत नाय का तू चालू देत नाय?" असं म्हणत पोपटरावांनी स्टिअरिंगवरून बाहेर वाकण्यासाठी दार आणखी उघडलं. गाडी टुंग-टुंग करू लागली, हँडब्रेक आपला आपणच लागला आणि समोरच्या पडद्यावर एक दार तांबडं होऊन डोळे मिचकावू लागलं.

मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी आनंदीबाई उशीला टेकून पडल्या होत्या. ओढा ओलांडला होता. वर दोनशे पावलांवर घर दिसत होतं आणि मधे फक्त चढ होता.

हा चढ पोपटराव चाळीस वर्षं चढले होते. चौक गावच्या बाजारातून वरच्या वाड्यांकडे त्यांनी जीपमधून सिमेंट नेलं, नवऱ्या नेल्या, मतपेट्या नेल्या, एकदा एक रेडासुद्धा नेला. जीपचं उजवं दार त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवलं होतं. अर्धं अंग बाहेर आणि नजर मागच्या चाकावर. मागचं चाक काय म्हणतंय ते बघितल्याशिवाय पुढचं टाकायचं नाही, हा नियम. त्यामुळे त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली आला. मुलाच्या लग्नाच्या फोटोतही ते कुणाचं तरी चाक बघत असल्यासारखे उभे आहेत.

मुंबईची रविवारची जीपवाली मंडळी त्यांना गुरू मानत. गाडी मुद्दाम चिखलात घालायची आणि मग ती बाहेर काढल्याचा आनंद मानायचा, यासाठी इतक्या लांब यायचं, हे गावाला कधी कळलं नाही, पोपटरावांना कळायचं. अलीकडे मात्र मंडळी मिसळ खातानाही सुतक असल्यासारखी बसत. नव्या गाडीत चारही चाकांना जोर देणारा लिवर गेला, त्या जागी फिरवायचं बटण आलं. चाक घसरलं की गाडी स्वतःच इंजिनाचा जोर काढून घेते. एक दाढीवाले डॉक्टर म्हणाले होते, "पोपटराव, हल्ली मी गाडी चालवत नाही हो. मी तिच्याबरोबर येतो."

पोपटराव तेव्हा पोट धरून हसले होते. त्यांची जीप तेव्हा अंगणात उभी होती.

मग आनंदीबाईंचं पोट दुखू लागलं. पनवेलच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. जीप प्रत्येक दगड पाठीला सांगायची. आनंदीबाई पुढचा दांडा घट्ट धरायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. ते न बोलणं पोपटरावांना सोसेना. चैत्रात त्यांनीच नवीनला सांगितलं, "जीप देऊन टाक. मऊ बसायची गाडी घे." जीप न्यायला क्रेन आली, त्या दिवशी त्यांना अचानक विहिरीवर काम निघालं.

आज सकाळी पनवेलचे डॉक्टर "घरी न्या" म्हणाले आणि हातातल्या पेनाकडे बघत राहिले. आनंदीबाईंनी एकच मागितलं, "ओट्यावर टेका मला. भात पोटरीला आलं आसंल, आता लोंब्या फुटतील. बघायचंय."

पोपटरावांनी दार लावलं, बटण फिरवलं, गाडी रेटली. चाक चिखलात सरकलं आणि इंजिनाने मान टाकली.

"जोर द्यावा तवाच मरतेय ही."

"सेफ्टी हाय आप्पा ती."

"कुणाची?"

नवीनने पडद्यावर बोट फिरवून बघितलं. पोपटरावांनी पुन्हा रेटली. चाक पुन्हा सरकलं. आणि त्यांचा हात, त्यांना न विचारता, पुन्हा दाराकडे गेला. टुंग-टुंग. ब्रेक.

"अवो," मागून बारीक आवाज आला, "तिच्याशी भांडू नका. नवी हाय ती. तिला आपलं घर ठाव नाय."

"जीपनं आतापावतर पोचवलं असतं गं."

"पोचवलं असतं. दुखलं पन असतं."

"म्हायती हाय. तू सांगायची नायस."

"आनि म्हनून तुमी जीप दिलीत?"

पोपटरावांनी गाडी बंद केली.

"येडे हाव तुमी," आनंदीबाई म्हणाल्या. इतक्या मायेनं त्या बऱ्याच वर्षांत बोलल्या नव्हत्या.

पोपटराव उतरले. मागचं दार उघडून पाठमोरे खाली बसले.

"मी घेतो आप्पा," नवीन म्हणाला.

"तू मागनं ये. पाय कुठं पडतोय ते सांगत ऱ्हा."

आनंदीबाईंचं वजन उरलंच नव्हतं. पोपटराव चढू लागले. मागून नवीन सांगत होता, "उजवा दगडावर... थांबा, तिथं घसरडं हाय... आता डावा."

"दुखतंय का गं?"

"नाय वो. झुल्यावानी वाटतंय."

निम्म्या चढावर त्यांनी पुन्हा विचारलं. "नाय," कानाशी उत्तर आलं.

वरच्या आंब्याच्या झाडापाशी विचारलं, तेव्हा उत्तर आलं नाही. ती सांगत नाही, याची पोपटरावांना सवय होती. पाऊल त्यांनी आणखी हळू टाकलं. गळ्याभोवतीचे हात सुटू लागले, तशी दोन्ही मनगटं एका मुठीत धरून ते चढत राहिले.

ओट्यावर त्यांनी तिला खांबाला टेकवलं, तोंड भाताकडे केलं. पदर नीट केला. कपाळावर आलेली बट मागे सारली.

नवीन धापा टाकत मागून समोर आला आणि जागीच थांबला. "आई..."

"हळू बोल," पोपटराव तिच्या शेजारी टेकत म्हणाले. "आत्ताच पोचलीय. बघू दे तिला."