खिंडीतला उजेड

मोटारीचे दिवे बदलल्यामुळे एखाद्याचा संसार मोडायची वेळ येते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला पोस्टाच्या पायरीवरूनच परत पाठवलं असतं. पण हे माझ्या डोळ्यांदेखत खर्ड्यात घडलं. मी तेव्हा तिथला पोस्टमास्तर. टपालाची थैली मोटारीने यायची, त्यामुळे रोज दिवेलागणीनंतर थांब्यावर उभं राहून सगळ्या गावाची बडबड ऐकणं माझ्या नशिबी होतं.

मोटार सूर्यभानची. मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. सकाळी खर्ड्याहून जामखेडला जायची, संध्याकाळी परत यायची. तिचे दिवे निव्वळ शोभेचे होते. लढाईत शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये असा सरकारी हुकूम सुटला म्हणून सूर्यभानने त्यांच्या काचा अर्ध्या काळ्या रंगवल्या, आणि लढाई संपल्यावर तो रंग खरवडून काढला. उजेडात काही फरक पडला नाही. खिंडीच्या उतारावर उतारूंपैकी कुणीतरी कंदील घेऊन मोटारीच्या पुढे चालायचं. भाडं मात्र तोही पूर्ण द्यायचा.

त्या हिवाळ्यात नगरला लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव झाला आणि सूर्यभानने एका ट्रकच्या बत्त्यांची जोडी उचलली. तिथल्या रंगनाथ मिस्त्रीने त्याला सांगितलं की नुसत्या बत्त्या बसवून भागणार नाही. तारा सुतळीएवढ्या बारीक आहेत, त्यांतून वीज पुरती पोचायचीच नाही. मग तारा बदलल्या, बॅटरी बदलली, डायनामोही बदलला. सूर्यभान खर्ड्यात परतला तेव्हा मोटारीच्या तोंडावर दोन पितळी पराती बसवल्यासारखं दिसत होतं. त्याच्या आईने, दगडाबाईने, मोटारीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. बत्त्या पेटल्या तेव्हा थांब्यावरच्या म्हाताऱ्यांनी देवापुढच्या दिव्याला जोडावेत तसे हात जोडले. सूर्यभान जमिनीपासून चार बोटं वर चालत होता.

दहाव्या दिवशी त्याची बायको मुक्ताबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली.

इथे मला गावाची एक रीत सांगायला हवी. खर्ड्यात मोटारीची वेळ घड्याळावर कुणी बघत नसे, दिव्यावर बघत. जुना दिवा एवढा मिणमिणता की मोटार गावाबाहेरच्या ओढ्याच्या वळणावर आली की मगच तो दिसायचा. दिवा दिसला की माणसं घोंगडी सावरून थांब्याकडे निघत. मुक्ताबाई दाराशी उभी असायची. दिवा दिसला की ती आत जाऊन पीठ मळायला घेई, आणि सूर्यभान हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगून ताटात पडायची. लग्नापासून तिने हे एकदाही चुकू दिलं नव्हतं. गावातल्या सासवा आपल्या सुनांना तिचं उदाहरण देऊन छळत असत.

नव्या बत्त्यांचा उजेड पार लांबच्या खिंडीतून दिसू लागला. तिथून गावापर्यंत रस्ता वळणावळणाचा, दगडाधोंड्यांचा. मध्ये फाट्यावर इंजिनात पाणी ओतायला थांबायचं, आणि नेमका तिथेच उजेड टेकडीआड जायचा. एवढं सगळं उरकून मोटार गावात यायला चांगला तासभर लागे. पूर्वीही एवढाच वेळ लागत होता, किंबहुना कंदीलवाल्याच्या पावलाने थोडा जास्तच. पण पूर्वी तो कुणाला दिसत नव्हता. आता माणसं उजेड बघून थांब्यावर धावत येत आणि तासभर थंडीत कुडकुडत बसत. आठ दिवसांत अख्ख्या खर्ड्याचं एकमत झालं: दिवे बदलल्यापासून मोटार रोज उशिरा येते.

माझ्याकडे खिशातलं घड्याळ होतं. त्यात मोटार नेहमीच्या वेळेच्या दहा मिनिटं आधीच आलेली दिसत होती. मी ते लोकांना दाखवलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मलाच घड्याळाचा भरवसा वाटेना. मी ते दुरुस्तीला जामखेडमार्गे नगरला पाठवलं. त्याच मोटारीने.

आता मोटार उशिरा येते म्हटल्यावर ती मधे कुठे थांबते, हा प्रश्न आलाच. फाट्यावर छबूबाई नावाच्या विधवा बाईचं चहाचं छप्पर होतं. उजेड दिसेनासा होतो तोही फाट्यावरच. यापुढचं खर्ड्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. इंजिनाला पाणी पाजायला एवढा वेळ लागतो का, असं लोक एकमेकांना विचारू लागले, आणि तेही मुक्ताबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ती बिचारी खिंडीत उजेड दिसला की पीठ मळायची, भाकरी करायची आणि ती थंडगार होताना बघत बसायची. एका रात्री सूर्यभानने भोळेपणाने विचारलं की भाकरी गार कशी. ती म्हणाली, "जितं बसला हुता तितं गरम मिळाली असंल."

दुसऱ्या दिवशी सूर्यभान पोस्टात येऊन बसला. एवढा दांडगा माणूस, पण चेहरा पार उतरलेला. मुक्ताबाईने माहेरी जायचं गाठोडं बांधलं होतं. त्याने देवाच्या शपथा घेतल्या, आईची शपथ घेतली. पण आईच सुनेच्या बाजूला होती. जाण्याआधी एकदा मोटारीत बसून आपल्या डोळ्यांनी सगळं बघणार, एवढंच मुक्ताबाईने कबूल केलं होतं. काही पटलं नाही तर ती परत घरात पाय ठेवणार नव्हती. दिवेच काढून टाकू का, असं तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता. मला त्याची फार कीव आली.

मला सरकारी कामाने जामखेडला जायचंच होतं, तिथे नगरहून दुरुस्त होऊन घड्याळही आलेलं होतं. सकाळी जाताना मुक्ताबाई मागे बायकांच्या गर्दीत बसली होती; संध्याकाळी परतताना मात्र ती सूर्यभानच्या शेजारच्या सीटवर, गाठोडं मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या मागच्या बाकावर.

उतार सुरू झाला आणि बत्त्यांचा उजेड रस्त्याच्या कडेवर पडला. ती कड जागोजागी ढासळलेली होती. खाली उजेड पोचतच नव्हता, नुसता अंधार. मुक्ताबाईने पुढची दांडी घट्ट धरली.

"ही दरी हितं कवापास्नं हाय?" तिने विचारलं.

"पयल्यापास्नंच हाय," सूर्यभान म्हणाला.

"आन् तुमी त्या मिणमिण्या दिव्यावर रोज हितनं येत हुता?"

"रस्ता पाठ हाय गं."

मोटार दोन वळणं उतरली. मग मुक्ताबाई अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आन् मी तितं पीठ मळत बसायची." मी घड्याळ काढून उगाच त्याच्याकडे बघत राहिलो.

फाट्यावर मोटार थांबली. छबूबाई पाण्याचा डबा घेऊन बाहेर आली. मुक्ताबाईने तिला पदरापासून पायापर्यंत न्याहाळलं. पण छबूबाईला भांडायला हक्काचं माणूस हवंच होतं, ते आज समोर मिळालं. ती सरळ मुक्ताबाईवरच तुटून पडली.

"तुझ्या नवऱ्याला काईतरी सांग बाई. ह्ये दिवे समदे माझ्या खुराड्यात शिरत्यात. सकाळ झाली म्हनून कोंबड्या उठून बसत्यात. पंधरा दिस झालं, एक अंडं न्हाई."

मुक्ताबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. इंजिनात पाणी पडलं आणि मोटार निघाली. चहासुद्धा कुणी घेतला नाही.

खर्ड्याच्या थांब्यावर गर्दी जमलेली होती, आणि सगळ्यांत पुढे दगडाबाई. मुक्ताबाईचा पाय जमिनीला लागायच्या आत तिने तोंड सोडलं. खिंडीत उजेड दिसून जमाना झाला, दोघं मिळून कुठं बसला होता, गावाची काही लाज आहे की नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्या बाईची बाजू गाव आठवडाभर घेत होतं, तीच आता छबूबाईच्या छपरात चहा पीत बसणारी ठरली. मी पुढे होऊन घड्याळ दाखवलं. मोटार दहा मिनिटं आधी आली होती. दुरुस्तीत बिघडलं असेल, असं कुणीतरी मागून म्हणालं.

गाठोडं उचलून मुक्ताबाई घरी गेली, आणि आपल्याच घरी गेली.

गावकऱ्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी तोडगा काढला: काचा लढाईतल्यासारख्या अर्ध्या काळ्या करायच्या, म्हणजे मोटार पुन्हा वेळेवर येऊ लागेल. सूर्यभान इतका कंटाळला होता की काळ्या रंगाचा डबा घेऊन खरंच मोटारीपुढे उकिडवा बसला. मी त्याला समजावत होतो, तेवढ्यात मुक्ताबाई आली. तिच्या हातात गोणपाटाचा शिवलेला पडदा होता. तो छबूबाईच्या खुराड्याला लावा म्हणून तिने त्याच्या मांडीवर टाकला आणि त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

"दिव्यास्नी हात लावू नगा," ती म्हणाली. "आजपास्नं तुमी पाटावर येऊन बसला की मगच मी पीठ मळनार. जरा उपाशी बसाल. पर बसाल तरी."