फिरती तबकडी

पुष्पाबाईंनी पुठ्ठ्याच्या तबकडीला एका बाजूने काळा कागद चिकटवला, दुसरी बाजू पांढरीच ठेवली आणि दोन बोटांनी काठ दाबत बसल्या. चाळीसगावच्या एका कॉलेजात त्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. साल १९९८. गिरधर सरांनी क्वांटम कॉम्प्युटरवर व्याख्यान ठेवलं होतं. सरांच्या डोक्यात काही शिरलं, की खळ पुष्पाबाईंना शिजवावी लागे.

व्याख्यानाला अकरा पोरं आली, त्यातली सात बस उशिरा होती म्हणून. सरांनी तबकडी दोऱ्याला टांगून गरकन फिरवली.

"आपल्या कॉम्प्युटरमधला बिट म्हणजे एकतर शून्य, नाहीतर एक. काळा, नाहीतर पांढरा. क्वांटम बिट मात्र एकाच वेळी दोन्ही असू शकतो. मोजायला गेलात, की एकच उरतो. तबकडी आपली समजण्यापुरती. खरी गोष्ट याहून विचित्र आहे."

"परीक्षेला आहे का, सर?"

"नाही."

पोरं वह्या मिटून उठली. सर खडू धरून तसेच उभे राहिले. बिचाऱ्यांनी आठ दिवस तयारी केली होती.

पुष्पाबाई मात्र दाराशीच होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचे पती हिलाल शहाऐंशी साली कामासाठी सुरतेला गेले, ते परतलेच नाहीत. ना चिठ्ठी, ना निरोप. बारा वर्षं भरली की अशा माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, आणि बायकोने कुंकू पुसायचं. येत्या रविवारी बारा भरत होती. पुतणीचं लग्न ठरलेलं. त्याआधी हे उरकायला हवं म्हणून धाकट्या दिराने, निंबाने, भटजीलाही सांगून ठेवलं होतं.

"सर, हाई दोन्ही असनं किती दिन टिकस?"

कुणीतरी विचारलं म्हणून सर हरखले.

"दिवस कुठले, पुष्पाबाई! तिथंच तर सगळं अडलंय. जराशी ऊब, बाहेरचा जरासा धक्का, की संपलं. सेकंदभर टिकलं तरी लोक पेढे वाटतील."

"आनि कोनी मोजाले उनंच नही, तरी?"

"कुणी मोजायला आलं नाही, तरी मोडतं. आजूबाजूचं जग टिकू देत नाही."

पुष्पाबाईंनी दोरा सोडवून तबकडी हातात घेतली.

"मन्हं बारा वरीस टिकनं."

सर हसायला गेले आणि थांबले. कॉलेजात निंबा परवाच येऊन रविवारच्या विधीचं सांगून गेला होता. त्यांना आता आठवलं, आणि स्वतःच्या पेढ्यांची लाज वाटली.

"माले सोमवारपासून तेरा दिननी रजा पाहिजे, सर."

सरांनी टेबलाच्या खणातून रजेचा अर्ज काढला. नाव लिहिलं, तारखा लिहिल्या. 'कारण' या रकान्यावर पेन टेकलं, तशी पुष्पाबाईंनी झटकन कागदावर हात ठेवला.

"ते सोमवारले लिखा. आज त्या शेतस."

"हो, आज हिलाल आहेत," म्हणत सरांनी पेनाला टोपण लावलं.