डोळेमिट

तीर्थपुरीच्या अलीकडे रस्त्याला लागून जी कापसाची जिनिंग आहे, तिथं दिवसभर यंत्रांचा एवढा गोंगाट असतो, की तिथली माणसं घरी गेल्यावर बायकोशीही ओरडूनच बोलतात. आपली बायको मीना याच कारणानं वाटूरला माहेरी गेली, असं कल्याण मुकादम लोकांना सांगायचा. खरं कारण तिनं उंबऱ्यात उभं राहून दिलं होतं. "मालकाच्या जालन्याच्या कारखान्यात सुपरवायझर झालात तर फोन करा. न्हाई झालात तर बॅलन्स वाया घालवू नका."

तेव्हापासून कल्याणच्या डोक्यात जालना सोडून काही नव्हतं. मालकाची सून अर्पिता मॅडम कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी आठवडाभर गप्प बसून परत आल्या आणि आल्या आल्या बोलायला लागल्या, तेव्हा सगळ्यात पुढं कल्याण उभा होता.

"माणसानं कामाच्या मध्ये थांबलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "डोळे मिटायचे आणि आपल्या श्वासाकडे नुसतं बघायचं. याला सजग विराम म्हणतात."

त्यांनी कल्याणच्या हातात एक पितळेची वाटी आणि एक लाकडी दांडी दिली. वाटी वाजली की यंत्रं बंद, सगळ्यांनी उभं राहायचं, पुन्हा वाजली की डोळे उघडायचे. जालन्याच्या ऑफिसात बसून त्या कॅमेऱ्यातून बघणार होत्या. चहाची सुट्टी मात्र बंद, कारण चहा ही स्वतःपासून पळवाट असते. "तुमच्या शेडमध्ये विराम रुजला ना, की जालन्याच्या सुपरवायझरचं मी बघते," असं त्या जाता जाता म्हणाल्या. कल्याणला फक्त हे शेवटचं वाक्य ऐकू आलं.

विराम रुजेना. जिनिंगमधल्या लोकांनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी डोळेमिट ठेवलं.

"मुकादम, श्वासाकडं काय बघायचं?" झाडलोट करणाऱ्या तुळजाबाईनं विचारलं. "तो काय पळून चाल्लाय का?"

"खोल घ्यायचा म्हणे," यंत्रं दुरुस्त करणारा अतिक म्हणाला. "इथं खोल घेतला तर रुईची अख्खी गादी भरल आत."

ते काही खोटं नव्हतं. हवेत रुईचे तंतू असे तरंगायचे, की माणसं संध्याकाळी दाढी पिकल्यासारखी दिसत. मॅडमच्या सांगण्याप्रमाणे सगळ्यांनी एकदम खोल श्वास घेतला, की शेडमध्ये एकदम खोकला उठे. खोकल्यावर हसू, हसण्यावर तंबाखूची डबी. जालन्याहून फोन येई, "कल्याण, यांच्यात गांभीर्य का येत नाही?" कल्याण दर वेळी म्हणे, "येऊन राह्यलंय मॅडम, रस्त्यात आहे."

गांभीर्य खरोखरच रस्त्यात होतं. कुंभार पिंपळगावच्या वसंता नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून ते आलं.

वसंता कापूस घेऊन फाटकातून आत शिरला तेव्हा डोळेमिट चालू होती. यंत्रं बंद, माणसं रांगेत, माना खाली, डोळे मिटलेले. वसंतानं आयुष्यात असं दृश्य एकाच कारणासाठी पाहिलं होतं. शाळेत पाहिलं होतं, ग्रामपंचायतीत पाहिलं होतं. त्यानं ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला, टोपी काढली आणि रांगेच्या टोकाला हात जोडून उभा राहिला. वाटी वाजली. त्यानं शेजारच्या अतिकला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

अतिकच्या जिभेला कधी हाड नव्हतंच. त्या दिवशी गाठी बांधणारा कडूबा तेवढा कामावर नव्हता. "कडूबा चाचा," अतिक म्हणाला आणि पान्हा घेऊन यंत्राखाली शिरला.

कडूबा जालन्याला मोतीबिंदू काढायला गेल्ता. बायको कधीच वारलेली, मुलगा पुण्याला. ऑपरेशननंतर धुळीत जायचं नाही म्हणून तो जालन्यातच भाचीकडं पडून होता. जिनिंग सुरू झाली तेव्हापासून तो तिथं गाठी बांधत होता आणि अतिक सोडला तर मालकापासून कुत्र्यापर्यंत सगळे त्याला नाना म्हणत.

वसंता कापूस उतरवून तीर्थपुरीच्या बाजारात गेला. संध्याकाळपर्यंत बातमी बाजारातून, किराणा दुकानातून आणि केस कापणाऱ्याकडून, अशी तीन बाजूंनी जिनिंगवर परत आली. सकाळी अतिक लाल डोळ्यांनी कल्याणसमोर उभा राहिला.

"मुकादम, मी मजाक केल्ता हो! अन् चाचा खरंच गेले. माझ्या तोंडाला आग लागो."

कल्याण बघतच राहिला. कारण तासाभरापूर्वीच कडूबाचा त्याला फोन येऊन गेला होता. भाचीच्या घरची भाजी अळणी असते, याबद्दल तो बराच वेळ बोलला होता. मेलेला माणूस इतकी तक्रार करत नाही. "अरे, नाना बिलकुल—" असं म्हणायला कल्याणनं तोंड उघडलं आणि त्याची नजर घड्याळाकडं गेली. डोळेमिटीची वेळ झाली होती. म्हटलं, आधी हे उरकू.

त्यानं वाटी वाजवली.

आणि शेडमध्ये अशी शांतता पसरली, की पत्र्यावर चालणाऱ्या चिमणीची नखं ऐकू आली. कुणी खोकलं नाही. कुणाला खोकला आलाच तर तो गिळला. तुळजाबाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं. रुईचे तंतू हलकेच सगळ्यांच्या डोक्यांवर उतरत होते आणि कल्याणला ते सगळं, खोटं कशाला, फार सुंदर वाटलं.

यंत्रं सुरू व्हायच्या आत फोन वाजला. मॅडमचा आवाज भरून आला होता. "कल्याण, काय केलंत तुम्ही? हीच! हीच ती मनाची खोली!"

"आपला प्रयत्न, मॅडम."

"हे असंच टिकवा. मी पाहुणे घेऊन येते. दुसऱ्या कारखान्यांचे मालक आहेत. जालन्याचं त्याच दिवशी जाहीर करू."

फोन ठेवून कल्याण शेडमध्ये आला. तुळजाबाईनं पदरानं नाक पुसत विचारलं, "मुकादम, माती कधी? जायला पाह्यजे."

कल्याणनं एकदा फाटकाकडं पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडं. "लेकानं परस्पर पुण्याला नेलं," तो म्हणाला. "तिथंच उरकलं."

एकदा माणूस मारला, की त्याची नीट व्यवस्था लावावी लागते. कल्याणनं कडूबाचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला, हार घातला आणि गाठी दाबायच्या प्रेसच्या शेजारी टांगला. फोटोत कडूबा घाबरलेला दिसत होता. सकाळ-दुपारची डोळेमिट आता लोक स्वतःहून विचारू लागले. एक तर नानांवर जीव होता आणि दुसरं म्हणजे दिवसभरात यंत्रं थांबायची ती तेवढीच.

इकडे कडूबाचा फोन येई. "मुकादम, येऊ का? पडून पडून पाठ सडली."

"नाना, आराम करा. डोळ्याचं काम आहे. जल्दी काय आहे?"

"एवढी माया तर माझ्या पोरानं न्हाई केली रे," कडूबा म्हणे.

आणि नेमका पाहुण्यांच्याच दिवशी, भाचीच्या भाजीला कंटाळून, कडूबा निघून आला.

मॅडम पुढच्या खुर्चीवर, पाहुणे त्यांच्या बाजूला. कल्याणनं नवीन शर्ट घातला होता. वाटी वाजली, डोळे मिटले गेले, शांतता पसरली. कल्याणनं मात्र एक डोळा किलकिला ठेवला होता आणि त्या डोळ्याला फाटकातून हिरवी पट्टी लावलेला कडूबा आत येताना दिसला.

कडूबाचा एक डोळा पट्टीखाली होता आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता. त्याला फक्त रांग दिसली, खाली गेलेल्या माना दिसल्या आणि एका फोटोला घातलेला हार दिसला. त्यानं टोपी काढली आणि तुळजाबाईच्या शेजारी हात जोडून उभा राहिला.

थोडा वेळ गेला. मंग त्याला राहवेना. "कोण गेलं, बाई?" त्यानं पुटपुटत विचारलं.

"कडूबा नाना," तुळजाबाई डोळे न उघडता म्हणाली.

"अरारारा," कडूबा हळहळला. जरा विचार करून त्यानं विचारलं, "कोणता कडूबा?"

हा आवाज ओळखून तुळजाबाईनं डोळे उघडले. तिचं तोंडही उघडलं, पण त्यातून किंकाळी बाहेर पडायच्या आत कल्याण मधे पोचला होता. "मॅडम बसल्यात," तो दातांतून म्हणाला. "डोळेमिट मोडली तर कायमची बंद. दोन्ही टाइमची. समजलं?" तुळजाबाईला समजलं. तिनं किंकाळी गिळली आणि डोळे मिटले. मंग कल्याणनं कडूबाचा खांदा दाबला. "नाना, एक शब्द बोलू नका." इतकी वर्षं मुकादमाचं ऐकलेला माणूस. कडूबा एक शब्दही बोलला नाही.

वाटी वाजली. पाहुणे डोळे पुसत होते. मॅडमची नजर हिरव्या पट्टीवर गेली, तिथून फोटोवर गेली, आणि पुन्हा पट्टीवर आली. "हे कोण? चेहरा तर..."

"भाऊ," कल्याण म्हणाला. "आमचा कडूबा गेला ना, त्याचा सख्खा भाऊ. भिवा."

शेडमधल्या एकूण एक माणसानं कडूबाकडं पाहिलं. मंग परत माना खाली घातल्या. मॅडम उठून पुढं आल्या, त्यांनी कडूबाचे दोन्ही हात धरले. "तुमचे भाऊ गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "ते या शांततेत आहेत." मंग पाहुण्यांकडं वळून त्यांनी जाहीर केलं, की संस्था माणुसकी विसरलेली नाही, कडूबाच्या जागी त्याच्या भावाला अनुकंपा तत्त्वावर कामावर घेतलं जाईल. टाळ्या वाजल्या. कडूबानंही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

गाड्या गेल्या आणि लोकांनी कडूबाला घेरलं.

"बरे आलात," तुळजाबाई म्हणाली, पण तिच्या आवाजात बरं काही नव्हतं. "बाप मेल्ता तवा एवढी रडले न्हाई मी. शरम न्हाई वाटत जित्तं यायला?"

"अगं, मी मेलोच कधी?"

"ते आता सांगून राह्यले! डोळेमिट बंद झाली तर यंत्रं कोण थांबवणार? तुमच्या जित्तं असण्याचा आमाला फायदा काय, ते सांगा."

कडूबानं अतिककडं पाहिलं. अतिक पान्ह्याकडं बघत होता. "चाचा, मला तर माफीसुदिक मागून झाली तुमची," तो म्हणाला. "दर्ग्यावर जाऊन. आता परत काय मागू?"

दुसऱ्या दिवसापासून भिवा नवशिक्याच्या हजेरीवर लागला. नवशिक्याला प्रेसजवळ जाऊ देत नाहीत, म्हणून तो सरकीची पोती ओढू लागला. कालची पोरं त्याला "ए भिवा, पाणी आण" म्हणू लागली. जेवणाच्या वेळी तो कल्याणपाशी आला.

"मुकादम, मी कडूबा हाय."

"भिवा," कल्याण समजावत म्हणाला, "गेलेल्या माणसाच्या नावावर असं काही खाऊ नये."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम. कल्याणनं शर्ट सारखा केला. फोनवर शर्ट दिसत नाही हे त्याला माहीत होतं, तरी केला.

"कल्याण, अभिनंदन. पाहुणे अजून त्याच शांततेत आहेत. मी रात्रभर विचार केला. ही खोली दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तुम्हाला तिथून हलवणं म्हणजे पाप होईल."

"मॅडम, पण ते जालन्याचं..."

"जालन्याला तुमच्याच शेडमधल्या रामप्रसादला पाठवतेय. तुम्ही तिथेच. कायमचे. आनंद झाला ना?"

"झाला, मॅडम," कल्याण म्हणाला.

त्यानं मीनाचा नंबर काढला, बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं, आणि बॅलन्स वाया घालवला नाही. डोळेमिटीची वेळ झाली होती. त्यानं वाटी वाजवली, डोळे मिटले, आपल्या श्वासाकडं पाहिलं आणि तो सगळ्यांसमोर हमसून हमसून रडू लागला. खांदे हलत होते, नाकातून आवाज येत होता. जालन्यात कॅमेऱ्यासमोर बसलेल्या मॅडमनी तो भाग साठवून ठेवला.

कडूबा हात जोडून स्वतःच्या फोटोसमोर उभा होता. पट्टी असेपर्यंत डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं, आणि तो डॉक्टरांचंही ऐकायचा.

तुळजाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

"बघ," ती कुजबुजली. "परका माणूस कसा रडून राह्यलाय. अन् तू सख्खा भाऊ, तुझ्या डोळ्यात टिपूस न्हाई."