फाट्यावर थांबणारी जीप

मित्रांनो, निलंग्यात बसस्टँडमागच्या एका अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली जुनी जीप म्हणजे मी. माझ्या टायरांत आता हवा नाही. बॉनेटवर कोंबड्या बसतात. पण तीसहून अधिक वर्षं मी निलंगा ते लातूर या रस्त्यावर धावले. त्या रस्त्यावर जे घडलं, ते आज सांगते.

मकसूदभाईंनी मला शोरूममधून आणलं, तेव्हा ते ऐन पंचविशीत होते. त्यांचे वडीलही याच कंपनीची जीप चालवत. माझ्या तोंडावरची उभ्या पट्ट्यांची जाळी मकसूदभाई रोज सकाळी स्वतः पुसत. आम्ही निलंग्याहून सवारी भरून लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जायचो आणि दुपारी परतायचो. ते दिवस सुखाचे होते.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. उजाडताच मकसूदभाई मला घेऊन निघाले. लामजन्याजवळच्या एका फाट्यावरून आम्ही आतल्या गावात शिरलो. गाव उरलंच नव्हतं. होते ते दगडमातीचे ढीग. लोकांनी पाय चेचलेल्या एका तरुणाला माझ्यात आडवं निजवलं. त्याचं नाव दयानंद. त्याची आई साखराबाई मागच्या बाकावर, दाराजवळच्या कोपऱ्यात बसली. बघता बघता मी जखमींनी भरले.

तेवढ्यात एक बाई तान्हं लेकरू घेऊन धावत आली. तिच्या डोक्यातून रक्त वाहत होतं आणि माझ्यात पाय ठेवायलाही जागा नव्हती. साखराबाई मुकाट्यानं खाली उतरल्या.

"हिला बसू दे लेकरा," त्या म्हणाल्या. "मला काय झालं न्हाई. तू माघारी ये, मी हितंच हाय."

"आई, याच गाडीत येतो," मकसूदभाई म्हणाले. "ही जाळी ध्यानात ठेवा."

आम्ही लातूरच्या दवाखान्यात सगळ्यांना उतरवलं आणि लगेच मागं फिरलो. पण वरून पाऊस आणि रस्त्यावर बघ्यांच्या गाड्यांची रांग. फाट्यावर पोलिसांनी आम्हाला अडवलं, आणि गावात पोहोचायला संध्याकाळ झाली. साखराबाई पावसामुळे एका उभ्या भिंतीच्या आडोशाला बसल्या होत्या, असं लोकांनी सांगितलं. दुपारी पुन्हा हादरा बसला. ती भिंत त्यांच्यावर पडली.

पंधरा दिवसांनी आम्ही त्याच फाट्यावरून रिकामे लातूरला निघालो होतो. भर सकाळची वेळ होती. अचानक माझी मागची बाजू दबली. स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. कुणीतरी चढून बसावं, अगदी तसं. मकसूदभाईंनी ब्रेक दाबला आणि मागं पाहिलं. बाक रिकामा होता. त्यांनी पुन्हा गियर टाकला. लातूरच्या दवाखान्यासमोर आल्यावर माझ्यावरचं वजन आपोआप उतरलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मकसूदभाई फाट्यावर थांबत, उतरून मागचं दार उघडत आणि थोड्या वेळानं हळूच लावत. दाराजवळचा कोपरा ते कुणालाही देत नसत. त्या गावात मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. दयानंदचं पुढं काय झालं, हे विचारायचीही त्यांची हिंमत झाली नाही.

पुढं लातूरचे क्लासेस गाजू लागले. गावोगावची पोरं पेट्या, गाद्या आणि डबे घेऊन माझ्यात कोंबून बसू लागली. एकदा शिवांगी नावाची अकरावीतली मुलगी त्या कोपऱ्याशेजारी बसली होती. दवाखान्यासमोर ती म्हणाली, "चाचा, त्या आजी हितं उतरल्या. पैसे द्यायच्या राहिल्या वाटतं."

"कोणत्या आजी?"

"माझ्याशेजारी होत्या की. सारखं विचारत होत्या, दयानंदला कोणत्या खोलीत ठिवलंय म्हणून."

मकसूदभाईंनी किल्ली फिरवली, पण क्लच असा सोडला की मी तीनदा बंद पडले.

वर्षं गेली. सोबतच्या गाड्या बदलल्या. मेस्त्री गुंडप्पा माझं इंजिन खोलताना हसून म्हणायचे, "मकसूदभाई, दुसऱ्या कंपनीकडं बघा तरी की. या कंपनीनं तुमाला जावई करून घ्यायला पायजे." मकसूदभाई हसत नसत.

शेवटी माझं पासिंग संपलं. त्यांची मुलगी अलीझा लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिला रोज जायला-यायला गाडी हवी होती. तिनं दुसऱ्याच कंपनीची एक छोटी, उंच, पांढरी गाडी पसंत केली. मकसूदभाई अडून बसले.

"अब्बा, कंपनीचा एवढा काय हट्ट?"

तेव्हा माझ्या बॉनेटला टेकून त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. "त्या बाईला मी ही जाळी दाखवली होती बेटा. दुसरी गाडी ती वळखणार न्हाई. तिथंच बसून राहील."

अलीझा हसली नाही. "एक दिवस माझ्यासोबत चला," एवढंच म्हणाली.

ते दोघं नव्या गाडीतून गेले, आणि मी पहिल्यांदा घरी राहिले. पुढचं अलीझा आईला सांगत होती, ते मी ऐकलं. फाट्यावर अब्बांनी सवयीनं मागचं दार उघडलं आणि लावलं. गाडी सुटताच टीं टीं आवाज सुरू झाला. समोर मागच्या सीटचा लाल दिवा लागला होता: बसलेल्या माणसानं पट्टा लावलेला नाही. मागं कुणी नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली, "ती दवाखान्यात पोराला शोधते. पोरगा अजून तिथं असेल का?"

मकसूदभाई रडू लागले. अलीझानं गाडी वळवली आणि गावाकडं घेतली. नव्यानं वसवलेल्या गावात दयानंदचं घर सापडेपर्यंत तो आवाज थांबला नाही. कुबडी घेतलेला एक पिकल्या केसांचा माणूस दारात आला. अलीझानं मागचं दार उघडलं आणि दिवा विझला.

"तुमच्या आईला न्यायला मला उशीर झाला," मकसूदभाई हात जोडून म्हणाले.

दयानंदनं कुबडी दाराला टेकवून त्यांचे हात धरले. "जीपवाले तुमी?" तो म्हणाला. "तीस वर्सं हुडकलं तुमाला. मला तुमी जगवलं, अन् मला तुमचं नाव बी ठाव न्हाई. या, घरात या."

त्या दिवसापासून फाट्यावर कुणी चढत नाही.

मित्रांनो, खरं सांगते, मला वाईट वाटलं. ती बाई माझ्या तोंडावरची जाळी ओळखून येते, असं मी मानत होते. तिनं गाडी ओळखलीच नव्हती. तिनं येतो म्हणणारा माणूस ओळखला होता. तेव्हा नवी गाडी जरूर घ्या, कोणत्याही कंपनीची घ्या. पण कुणाला माघारी येतो असं सांगून आला असाल, तर फाट्यावर थांबू नका. आत, त्याच्या दारापर्यंत जा.