दुपारचं बोलणं

ठकी, म्हणजे लाकडी बाहुली, हे नाव मामाने ठेवलं, ती तीन महिन्यांची असताना. ही पोर हातपाय हलवणार नाही, बोलणार नाही, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे कळलं तेव्हा मामा ओशाळला, पण नाव तोवर घट्ट चिकटलं होतं. आता ती सतरा वर्षांची होती आणि त्या नावाशी तिचं काही भांडण नव्हतं. लाकडी बाहुलीला निदान कोणी उठसूट पाणी पाजत नाही.

अपंग मुलांच्या केंद्रातून तीन महिन्यांच्या मुदतीवर मिळालेलं यंत्र तिच्या खुर्चीला दांड्यावर बसवलं होतं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी आणि त्यांवरून वरून खाली सरकणारी एक पिवळी पट्टी. हवी ती ओळ आली की उजव्या गालाजवळचं गोल बटण गालाने दाबायचं, मग त्या ओळीतलं हवं ते अक्षर येईपर्यंत थांबायचं, पुन्हा दाबायचं. वाक्य जमलं की यंत्रातली बाई ते मोठ्याने म्हणायची; मध्ये फार वेळ थांबलं तर पडदा कोरा व्हायचा. एका अक्षराला अर्धं मिनिट, गाल थकला की पुरं एक. 'मला' हा शब्द आयता होता, दाबला की लगेच बोलला जायचा. 'हो' तर सगळ्यात वरच्या ओळीत, पहिलाच.

कोण किती थांबतं, हे ठकीला तोंडपाठ होतं. शेजारच्या काकू एक वाजता भरवायला यायच्या. त्या तिचे प्रश्न आणि आपली उत्तरं दोन्ही स्वतःच उरकायच्या. आई 'मला'पर्यंत. बाबा त्यापुढे दोन अक्षरं. आणि बाबा घड्याळजी! केसाएवढ्या स्क्रूसाठी डोळ्याला भिंग लावून अख्खी सकाळ काढतील, हूं की चूं करणार नाहीत. पण तिसऱ्या अक्षराला त्यांचा धीर सुटायचा.

ठकीला सांगायचं होतं ते एकच वाक्य होतं. मला दुपारी दुकानात न्या. बाकी काही नको, नुसतं कोपऱ्यात बसवा. दहाला आई लाँड्रीत जायची, बाबा दुकानात. मग पाचपर्यंत खिडकी, भिंत, आणि मध्ये अर्धा तास काकू.

रोज संध्याकाळी ती सुरुवात करायची.

“मला,” यंत्रातली बाई म्हणायची.

“पाणी?” आई स्वयंपाकघरातून.

“उकडत असेल तिला,” दोन अक्षरांनी बाबा.

“नाही हो, गुडघे दुखत असतील. कालही तसंच झालं ना! थांब हं राणी, मलम आणते.”

पिवळी पट्टी तेव्हा कुठे तिसऱ्या अक्षराच्या ओळीवर असायची. मलम घेऊन आलेल्या माणसाला 'नाही' सांगून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, तर तिकडे भाजी करपते, इकडे बातम्या बुडतात, आणि सगळे इतक्या मायेने बघत राहतात की जीव नकोसा होतो. ठकी 'हो' दाबायची. तीन महिन्यांत त्या गुडघ्यांना एवढं मलम लागलं, की ते उठून पळाले असते तरी नवल नव्हतं.

मुदत संपली आणि एका शनिवारी सकाळी केंद्रातल्या मॅडम आल्या. यंत्रात सगळ्या बोलण्याची नोंद राहते. ती त्यांनी आपल्या लॅपटॉपवर उघडली.

“संध्याकाळचं हे बघा. 'मला. हो.' 'मला. हो.' नव्वद दिवस हेच. यंत्र वापरात नसेल तर यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावं लागतं. नियमच आहे तसा.”

आईचा चेहरा उतरला. “अहो, बोलते ना ती! आम्हाला तिचं सगळं कळतं. अर्ध्यावरच कळतं!”

“हो, तेच दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. “पण दुपारी हजारो शब्द आहेत. तेव्हा घरात कोण असतं?”

“कोणी नाही. झोपेत गाल पडत असेल बटणावर.”

मॅडम ठकीकडे वळल्या. “वाचू का मोठ्याने? तुझं आहे. नको म्हणालीस तर नाही वाचणार.”

नाही म्हटलं तर यंत्र जाणार. हो म्हटलं तर सगळी दुपार चारचौघांत मांडली जाणार. पट्टी दोनदा 'हो'वरून गेली. तिसऱ्यांदा ठकीने गाल टेकवला. संध्याकाळच्या नव्वद 'हो'नंतरचं हे पहिलं खरं 'हो'.

मॅडम वाचू लागल्या. “बाबा म्हणतात, आज काय केलंस? मी म्हणते, समोरच्या गच्चीवरची चादर बघितली. चार वेळा पडली. बाबा म्हणतात, मग? मी म्हणते, थांबा, सांगते. बाबा म्हणतात, सावकाश, मला घाई नाही.” त्यांनी पान सरकवलं. “आई म्हणते, गुडघे दुखतात का? मी म्हणते, नाही. आई म्हणते, बरं, मग काय?”

आईने हातातल्या फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. कधी न बोललेली शहाणी वाक्यं आपल्या नावावर ऐकून बाबांचे कान लाल झाले.

“यंत्र राहतंय,” मॅडम म्हणाल्या आणि सही घेऊन गेल्या.

यंत्र राहिलं. म्हणजे दुपारी एकटीने बोलणंही चालूच राहणार, ठकीच्या मनात आलं.

बाबांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर मांडली. “बोल.”

“मला,” यंत्रातली बाई म्हणाली.

“चादरीचं—” बाबांनी जीभ चावली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. “चुकलो. बोल.”

एक अक्षर. दुसरं. इथे बाबांची हद्द संपायची.

“अहो, तिला बहुतेक—” आई दारातून म्हणाली.

“थांब गं जरा.”

तिसरं आलं. पडद्यावर 'मला दुपारी' उभं राहिलं. बाबांनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि चोरी पकडली गेल्यासारखी नजर परत आणली. ठकीचा गाल थकला होता. एक ओळ चुकली, ती पुसून पुन्हा आणावी लागली. चौथं अक्षर उमटलं. इतकं कोणी थांबल्याची आठवण तिच्याकडे नव्हती.

बाबांनी खिशात हात घातला. निघाले, असं तिला वाटलं. त्यांनी भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि पडद्यावर वाकले. अक्षरं चांगली बोटभर मोठी होती. भिंगाची काहीएक गरज नव्हती.

पट्टी वरच्या ओळीवर आली. ठकीने 'हो' जाऊ दिलं. पाचवं अक्षर खालच्या ओळीत होतं.