ताईची लाल खूण

खोटं कशाला बोला, मॅडमच्या वाहिनीवर शेवटचा शब्द चालायचा तो मॅडमचा नव्हेच. तो चालायचा तिच्या थोरल्या बहिणीचा. सगळं ऑफिस तिला ताईच म्हणायचं, अगदी दारावरच्या पहारेकऱ्यापासून बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेपर्यंत. ताईला ना पद, ना दारावर नावाची पाटी. मॅडमच्या केबिनला लागून, मधलं दार असलेल्या प्लायवूडच्या भिंतीपलीकडे जुन्या फाइलींची खोली होती, तिथे ती लाल पेन्सिलींचा डबा घेऊन बसायची.

वाहिनीची जी विनोदी मालिका गाजत होती, तिच्या प्रत्येक भागाचे कागद आधी ताईच्या पुढ्यात जायचे. वाचताना जिथे हसू आलं तिथे समासात लाल खूण. खूण असेल तो विनोद राहिला, नसेल तो कटला, मग लेखकाने कितीही आदळआपट करावी. आणि ताईचं हसणं तरी कसं! आधी एक फुसकन आवाज, मग ठसका, मग "अगं आई गं, मेले मी!" पलीकडे मॅडम फोनवर कुणाला झापत असली, तरी झापता झापता तिलाही हसू फुटायचं.

मालिका होती वाहिनी चालवणाऱ्या एका बाईचीच. म्हणजे मॅडमने आरशात बघूनच काढलेली म्हणा ना. फक्त पडद्यावरची मालकीण दहा किलोने हलकी, पंधरा वर्षांनी लहान, आणि कुणाला ओरडली तरी लोकांना गोड वाटणारी. आपल्या हातात लेखणी असली की माणूस स्वतःला काय काय बहाल करतो! दुसऱ्यांच्या वाट्याला मग उरलंसुरलं.

तेविसाव्या भागाला लेखक अडला. दोन दिवस नुसता नखं खात बसला होता. "मालकिणीच्या घरात कुणीतरी वेंधळं पाहिजे," म्हणाला. आणि मॅडमची जीभ सैल सुटली. "माझी ताई घे की! अरे, कुलूप लावते, तीनदा ओढते, चार पायऱ्या उतरते, परत येते, परत तीनदा ओढते." उठून तिने नक्कलही करून दाखवली. लेखक खुर्चीतून पडायचा बाकी होता. त्याने वर भर घातली, की मालकीण आतच राहिलेली असते आणि तिची वेंधळी बहीण बाहेरून कुलूप ओढत असते.

आता ताई कुलूप का ओढायची, ते ऐका. मॅडम चार वर्षांची असताना आई गेली. वडील दिवसभर कामावर, घर चौदा वर्षांच्या ताईच्या अंगावर. एकदा धाकटीला आत ठेवून, बाहेरून कुलूप लावून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. कुलूप नीट बसलं नव्हतं. परत येते तो दार सताड उघडं, आणि पोरगी गायब. दोन रस्ते पलीकडे, नाल्याच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली सापडली ती संध्याकाळी. ताईने तिला उचललं आणि घरापर्यंत खाली ठेवलं नाही. त्या दिवसापासून हे ओढणं. मॅडमला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. जगात फक्त तिलाच माहीत होतं.

तेविसाव्या भागाचे कागद ताईकडे गेले, त्या दिवशी प्लायवूडपलीकडे काही ऐकू आलं नाही. पानं उलटल्याचा आवाज तेवढा आला. कागद परत आले, तर कुलपाच्या प्रसंगावर लाल खूण होती.

लेखक दारात घुटमळला. "मॅडम, ताई हसल्या नाहीत."

"खूण आहे ना? मग झालं तर," मॅडम म्हणाली आणि फोन उचलला.

मालिकेने धुमाकूळ घातला. त्या वेंधळ्या बहिणीला लोकांनी 'कुलूपमावशी' करून टाकलं. पुढच्या प्रत्येक भागात कुलूप आलं, प्रत्येक वेळी पलीकडे चिडीचूप, आणि प्रत्येक वेळी खूण. खरी कुलूपमावशी कोण, हेही ऑफिसातून बाहेर फुटलं, आणि बसथांब्यावर लोक ताईला विचारू लागले, "काय मावशी, लागलं का कुलूप?" एका सोमवारी ताई आलीच नाही. पहारेकऱ्याच्या हाती तिने पेन्सिलींचा डबा पाठवून दिला. निरोप होता, डोळ्यांना त्रास होतो.

तीन आठवडे झाले. लेखक भिंतीशी बोलल्यासारखा लिहीत होता. त्यातच एक कुलूप बनवणारी कंपनी दत्त म्हणून उभी राहिली. जाहिरातीत कुलूपमावशीच हवी, म्हणाले, आणि मालिकेतही दर भागात.

मॅडमने कपाटातून जुने कागद काढले. नेहमीच्या खुणा तिरक्या, ओळीबाहेर पळालेल्या, हसता हसता हात हलल्याच्या. कुलपाच्या प्रसंगांवरच्या खुणा मात्र सरळ, लहान, इतक्या दाबून केलेल्या की पान उलटलं तर मागून बोटाला लागत होत्या. तिने मोजल्या नाहीत. तिला लाज वाटली, अगदी उघड उघड लाज. पलीकडची शांतता तिने ऐकली होती, आणि लेखकाने तर ती बोलूनही दाखवली होती.

दुपारी ती ताईकडे गेली. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड जाते कुठे? पिशवीत वर बिस्किटांचा पुडा, आणि खाली नव्या भागाचे कागद.

ताईने चहा टाकला. "वाळलीस गं," म्हणाली.

"ताई, ऑफिसला ये ना. मी ते कुलपाचं सगळं काढून टाकते. आजच."

"काढू नकोस. चाळीस माणसांची घरं चालतात त्यावर. म्हणून तर खूण करत होते." ताईने कप पुढे सरकवला. "तुला हसवायला लहानपणी मी काय कमी सोंगं केली? म्हटलं, हे आणखी एक."

"मग मला तेव्हाच का नाही बोललीस? कागद तर सगळे तुझ्याकडेच यायचे."

"कागद आले. तू मधलं दार उघडून एकदा आली असतीस, तर बोलले असते."

 मग मॅडमने आयुष्यात फार वेळा न म्हटलेला शब्द म्हटला. "चुकलंच माझं, ताई. फार चुकलं."

"माहीत आहे गं." ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "राग नाही माझा. पण मला आता वाचताना हसूच येत नाही बघ. विनोद आला की आधी मनात येतं, हे कुणाचं असेल? असं माणूस तुमच्या काय कामाचं?"

पिशवीतले कागद पिशवीतच राहिले. मॅडम निघाली, तशी ताईही उठली. "थांब, मलाही साबण आणायचाय."

बाहेर आल्यावर ताईने दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि सरळ जिन्याकडे वळली. कुलपाला पुन्हा हात लावला नाही. मॅडम बघतच राहिली. तिसऱ्या पायरीवर ताईचे पाय अडखळले. सहाव्या पायरीवर ती कठडा धरून थांबली, डोळे मिटले, आणि पुन्हा उतरू लागली.

"ताई, बघून ये ना वर. मी थांबते."

"नको. लोक हसतात गं."

 "तू थांब, मी बघते," म्हणत मॅडम धावतच वर गेली. तिने कुलूप धरलं आणि जोरात ओढलं. एकदा. दुसऱ्यांदा ओढलं तशी समोरच्या दाराची कडी वाजली आणि शेजारीण बाहेर डोकावली.

"अय्या, कुलूपमावशी!" तिने टाळीच वाजवली. "काय हुबेहूब करता हो! अहो, बाहेर या लवकर, गंमत बघा!" ती इतकी मनापासून हसत होती की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचा नवराही दारात येऊन हसू लागला.

खालून ताईचा आवाज आला, "लागलंय ना गं?"

"लागलंय, ताई," मॅडम म्हणाली. हात अजून कुलपावर होता, पण त्या दोघांसमोर तिसऱ्यांदा ओढायचा तिला धीर झाला नाही.